सांडलेलं तेल जिवाणूंवर सोडायचं का?

मातीशोध:
अमेरिकेत मिनेसोटातल्या बमिजीजवळ ऑगस्ट १९७९मध्ये पाइपलाइन फुटून सुमारे १७ लाख लिटर कच्चं तेल सांडलं. उपसलं, जाळलं, माती उचलली. तरी जवळपास ४ लाख लिटर जमिनीत राहिलंच. १९८३पासून तिथे अभ्यास चालू आहे. पाण्यात विरघळलेली बेंझीन, टोल्युईन ही तेलातली विषारी द्रव्यं जिवाणू खातात. आधी ऑक्सिजन वापरतात, तो संपला की मातीतलं लोह, मग मिथेन बनवतात. म्हणून दूषित पाणी काहीशे मीटरांतच अडलं. माझं मत, गळती बंद करून हाती लागेल तेवढं तेल काढावं आणि उरलेलं जिवाणूंवर सोपवावं. माती खणून दुसऱ्या गावाबाहेर टाकली की घाण फक्त जागा बदलते.

विहीरकाठ:
अजिबात पटलं नाही. चाळीस वर्षं उलटली तरी बमिजीत तेल आहेच. शिवाय लोह विरघळताना त्याला चिकटलेलं आर्सेनिकही पाण्यात उतरलं, पिण्याच्या मर्यादेच्या कितीतरी पट. आणि ती हिमनद्यांनी आणून टाकलेली वाळू. आपल्याकडे काळा पाषाण, पाणी भेगांतून धावतं. पेट्रोल पंपाची टाकी गळली तर कुठली भेग कुणाच्या विहिरीत निघेल, हे दोन बोअर मारून कळत नाही.

मातीशोध:
भेगांचं मान्य. पण भेगांत अडकलेलं तेल पंप लावूनही निघत नाही, त्याचं काय करणार?

चाचणीनळी:
मी पाण्याचे नमुने तपासते, म्हणून लिहिते. बेंझीन घटलं म्हणजे ते नष्ट झालं असं नाही. पावसाळ्यात पाणी चढलं की ते नुसतं विरळ होतं. एका पंपाशेजारच्या विहिरीचा अहवाल माझ्याकडे आला, त्यात ऑगस्टचा एकच नमुना आणि खाली शेरा, 'सुधारणा होत आहे'! मे महिन्यात पाहिलं का? जिवाणू ऑक्सिजनऐवजी वापरतात ते नायट्रेट, सल्फेट घटलंय का? विरघळलेलं लोह, मिथेन वाढलंय का? हे सगळं जुळलं तरच जिवाणू काम करताहेत म्हणता येतं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं १९९९मध्येच बजावलंय की ही पद्धत म्हणजे काहीच न करणं नव्हे.

मातीशोध:
बरोबर. 'सोपवावं' ऐवजी 'मोजत राहावं' लिहायला हवं होतं. वर्षातून निदान दोनदा, मे आणि ऑक्टोबर.

विहीरकाठ:
मोजा, जरूर मोजा. पण जागतिक आरोग्य संघटनेची बेंझीनची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. पाणी तिथवर उतरेपर्यंत त्या वस्तीला टँकर कोण देणार आणि किती वर्षं, हे आधी कागदावर यायला हवं. तोवर माझा विरोध आहे.