स्पेनमधलं कोर्दोबा दीड दिवसात: काय बघावं, काय सोडावं?

प्रश्न: रविवारी दुपारी पोचतोय, सोमवारी रात्री निघायचं. मेस्किता (जुनी मशीद, आता कॅथेड्रल), सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ), मदीना अझहारा (जुन्या राजवाडा-नगरीचे अवशेष), पुरातत्त्व संग्रहालय यांचा क्रम कसा लावू?

उत्तर १: सोमवार हीच गोची आहे. त्या दिवशी मदीना अझहारा, सिनेगॉग आणि संग्रहालय तिन्ही बंद. रविवारीही अझहारा दुपारी ३ ला बंद होतं आणि ते शहरापासून सुमारे ८ किमीवर आहे. जमलं तर एक दिवस पुढे ढकला. मेस्किता सोमवारी उघडी असते. सोमवार ते शनिवार सकाळी ८:३० ते ९:३० प्रवेश फुकट, पण गटांना नाही, आणि ९:३० ला बाहेर काढतात. तेवढ्यात नीट बघून होत नाही, सरळ तिकीट काढा.

उत्तर २: मेस्कितेत घाई नकोच. ७८५ च्या सुमाराच्या सर्वांत जुन्या भागात खांब जुन्या रोमन, व्हिसिगॉथ इमारतींतले आहेत. उंची कमी पडली म्हणून कमानींवर कमानी चढवल्या. लाल पट्टे विटांचे, पांढरे दगडाचे. अल्मन्सूर या दहाव्या शतकातल्या सत्ताधाऱ्याने केलेल्या पूर्वेकडच्या विस्तारात मात्र ते लाल पट्टे नुसते रंगवलेले. जवळ जाऊन बघा, फरक लगेच कळतो. त्याच विस्तारामुळे मिहराब (नमाजाची दिशा दाखवणारा कोनाडा) मध्यावर उरला नाही.

उत्तर ३: सिनेगॉग (१३१५) म्हणजे एक छोटी खोली, अर्धा तास पुरे. भिंतींवरचं गिलाव्यातलं कोरीवकाम मात्र चुकवू नये. अझहाराला गेलात तर आधी अवशेषांच्या खाली असलेलं तिथलंच संग्रहालय, मग तिथूनच सुटणारी बस. अवशेषांपर्यंतचा चढ उन्हात जीव काढतो.