बाथजवळच्या पबवरचा मुक्काम : तुमचे अनुभव लिहा

बाथला जाणारे बरेच जण लंडनहून सकाळच्या गाडीने येतात आणि रोमन स्नानगृहं, ॲबी, रॉयल क्रेसेंट उरकून संध्याकाळी परततात. राहायचं म्हटलं तर शनिवार-रविवारचे हॉटेलांचे दर बघूनच घाम फुटतो. मग कुणीतरी सुचवतं, जवळच्या एखाद्या गावात पबच्या वर खोली घ्या. खाली बार, वर मोजक्या खोल्या. ज्येष्ठांना न्यावं का, शाकाहारी लोकांनी खायचं काय, रात्री झोप लागते का, असे प्रश्न हमखास येतात. राहून आलेल्यांनी मोकळेपणाने लिहा. पबचं नाव दिलं नाही तरी चालेल.

कालवाकाठ

आम्ही ॲव्हनक्लिफजवळ राहिलो होतो. बाथहून दुसरं स्टेशन. स्टेशन कसलं, आखूडसा फलाट! गाडी हवी असेल तर हात दाखवायचा, उतरायचं असेल तर आधीच गार्डला सांगायचं. एसटीत वाढलेल्यांना यात नवल नाही. तिथे केनेट-ॲव्हन कालवा दगडी पुलावरून नदी आणि रूळ दोन्ही ओलांडतो. वरून होडी सरकतेय आणि खालून रेल्वे धडधडतेय. पुलाची मधली कमान थोडी खचलेली आहे, नीट पाहिलं की दिसते.

कालव्याकाठची वाट धरून चालत बाथ गाठलं. पूर्वी होड्या ओढणारे घोडे याच वाटेने जायचे, त्यामुळे चढ-उतार नाहीच म्हणा. परतलो तेव्हा पाय बोलत होते. बारमागच्या बाईने लाकडी मूठ सावकाश दोन-तीनदा ओढून तळघरातली एल (तिथली पारंपरिक बिअर) ग्लासात भरली. फेस किंचित खाली बसू दिला, पुन्हा थोडी ओढली, मगच ग्लास पुढे सरकवला. ही बिअर बर्फगार नसते, तळघराच्या, म्हणजे 12 अंशांच्या आसपासची असते. पहिला घोट ‘कोमट आहे की!’ वाटतो. दुसऱ्या ग्लासापर्यंत तक्रार उरत नाही.

चकली

सासूबाईंना घेऊन गेले होते. “अगं, दारूच्या दुकानावर राहायचं?” हा त्यांचा पहिला प्रश्न. प्रत्यक्षात शेकोटीशेजारी दोन म्हातारे आणि त्यांच्या पायाशी झोपलेला कुत्रा, एवढीच काय ती गर्दी. तासाभरात सासूबाई त्या कुत्र्याच्या आजारपणाची चौकशी करत होत्या, मराठी-इंग्रजी मिसळून.

खाण्याचं मात्र नीट विचारून घ्या. रविवारच्या रोस्टमध्ये, म्हणजे भाजलेल्या मांसाच्या जेवणात, शाकाहारींसाठी बहुतेक नट रोस्ट (दाणे-सुक्यामेव्याची भाजलेली वडी) असतं, पण सोबतच्या यॉर्कशर पुडिंगमध्ये (हे गोड नसतं) अंडं असतं आणि ग्रेव्ही बऱ्याचदा मांसाच्या रसाची असते. चिप्स आणि मासे एकाच तेलात तळतात का, तेही विचारा. (काही एल निवळायला माशाच्या पोटातला पदार्थ वापरतात. हे मी सासऱ्यांना अजून सांगितलेलं नाही.) टेबलावर कुणी ऑर्डर घ्यायला येत नाही. टेबलाचा नंबर बघायचा आणि बारवर जाऊन सांगायचं. खोलीत किटली असतेच. दुधाच्या इवल्याशा डब्यांऐवजी बारवर ताजं दूध मागा, आनंदाने देतात. तिथलं पाणी जड आहे, चहावर साय धरल्यासारखा तवंग येतो, घाबरू नका.

निद्रानाश

सगळं गोडगोडच लिहिलं जाणार असेल तर माझंही ऐका. शनिवारी बारच्या बरोबर वरची खोली मिळाली. लग्नाआधीची मजा करायला आलेला मुलींचा घोळका खाली गात होता, आणि तोही बेसूर. शेवटच्या ऑर्डरची घंटा झाली तेव्हा हुश्श केलं, तर मंडळी अंगणात जाऊन बसली! जिना उभा, लिफ्ट नाही, तुळई बरोबर कपाळाच्या उंचीवर. रविवारी संध्याकाळी स्वयंपाकघर बंद. गावात दुसरं काही उघडं नव्हतं, म्हणून जेवण म्हणजे शेंगदाणे आणि कुरकुरीत वेफर्स. शनिवारी जाणार असाल तर मागच्या बाजूची किंवा अंगणापलीकडच्या जुन्या तबेल्यातली खोली मागा. आणि रविवारचं जेवण दुपारीच दाबून करा.

मी_पुणेकर

निद्रानाश, +1. पण सोमवार-मंगळवारी हाच पब वेगळा असतो. आम्ही होतो तेव्हा क्विझ होती. क्रिकेटच्या प्रश्नांना आमच्या टेबलाने मैदान मारलं, ब्रिटिश मालिकांच्या प्रश्नांना भोपळा. शेजारच्या टेबलवाल्यांनी मग सांगितलं की स्नानगृहं उघडताच गाठा, कारण स्टोनहेंजहून येणाऱ्या सहलीच्या बसेस नंतर येतात. सल्ला खरा निघाला. तिथलं पाणी 46 अंशांचं आणि हिरवं आहे, त्यात हातही घालायचा नसतो. डुंबायचंच असेल तर जवळच 2006 साली सुरू झालेलं थर्मी स्पा आहे, गच्चीवर गरम तलाव. स्वस्त नाही.

नवा_भिडू

गाडी घेऊन जायचं का? बाथमध्ये पार्किंगचं काय? आणि मुलं लहान आहेत, चालतात का?

कालवाकाठ

@नवा_भिडू, गाडी पबवर ठेवा किंवा लॅन्सडाउन, ऑड डाउन, न्यूब्रिज यांपैकी जवळच्या पार्क अँड राइडला लावून बसने शहरात जा. 2021 पासून शहरात प्रदूषणाचा कर आहे, पण खाजगी मोटारींना लागत नाही. मुलं दिवसा चालतात. रात्री बारमध्ये कितीपर्यंत बसू देतात हे प्रत्येक ठिकाणी वेगळं, खोली घेतानाच विचारून ठेवा. बाबागाडी मात्र डिकीतच राहू द्या, त्या जिन्यांवरून ती वर जात नाही.