विषय: भाचीसाठी लॅपटॉप, अमेरिकेतून न्यावा की जळगावात घ्यावा?

नमस्कार मंडळी,

माझ्या भाचीला पुण्यात प्रॉडक्ट डिझाइनला प्रवेश मिळाला. रावेर तालुक्यातल्या आमच्या गावातून या शिक्षणाला जाणारी घरातली ती पहिलीच. दाजींनी केळीच्या पैशातून साठ हजार बाजूला काढून ठेवलेत. मी जुलैत घरी जातोय. इथे सेलमध्ये एक गेमिंग लॅपटॉप बराच स्वस्त दिसतोय, आणि १८ वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप भारतात ड्युटी न भरता नेता येतो. घेऊन टाकू का?

आप्पा, डॅलस (मूळ रावेर)

——

आप्पा, घाई करू नका.

मी हेच केलं होतं. अमळनेरच्या भाच्यासाठी इथून लॅपटॉप नेला, आठव्या महिन्यात मदरबोर्ड गेला. तिथल्या सर्व्हिस सेंटरने सांगितलं, वॉरंटी फक्त खरेदीच्या देशात. ऐन सबमिशनच्या दिवसांत पोरगं मित्रांच्या मशीनवर रात्री काढत होतं. ते अजून मला लागतं. बऱ्याच विंडोज लॅपटॉपची वॉरंटी अशी देशापुरतीच असते, तेव्हा लेखी विचारल्याशिवाय नेऊ नका.

दुसरं म्हणजे स्क्रीन. मी वीस वर्षं ग्राफिक्सचं काम करते, म्हणून हे पोटतिडकीने सांगते. स्वस्त गेमिंग लॅपटॉपमध्ये पैसा ग्राफिक्स कार्डात जातो आणि काटकसर पडद्यावर होते. माहितीपत्रकात '४५ टक्के एनटीएससी' (पडदा किती रंग दाखवतो याचं माप) लिहिलेलं दिसलं की पुढे चला. असा पडदा एसआरजीबीतले, म्हणजे संगणकाच्या प्रमाण रंगसंचातले, जेमतेम दोन तृतीयांश रंग दाखवतो. लाल रंग विटका दिसतो, म्हणून पोरं तो वाढवत नेतात, आणि तेच काम चांगल्या पडद्यावर उघडलं की भडक दिसतं. आपली नजर तयार व्हायच्या वयात रोज खोटे रंग बघणं मला फार वाईट वाटतं. 'एसआरजीबी १०० टक्के' आणि आयपीएस किंवा ओलेड जातीचा पडदा, एवढं धरून ठेवा. कार्ड नसलं तर पहिली दोन वर्षं काही अडत नाही. फोटोशॉप, इलस्ट्रेटरला १६ जीबी रॅम जास्त उपयोगी पडते, आणि फिग्मा हे डिझाइनचं सॉफ्टवेअर तर ब्राउझरमध्येच चालतं.

ताई, न्यू जर्सी

——

आप्पा, ताईंचं पटलं. मी सध्या जळगावलाच आहे, म्हणून इथलं सांगतो.

आधी कॉलेजातल्या सीनियरना विचारा, कुठलं सॉफ्टवेअर शिकवतात. प्रॉडक्ट डिझाइनला सॉलिडवर्क्स (थ्री-डी मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर) असेल तर ते विंडोजवरच चालतं, मॅक घेऊन पोरगी अडकेल. त्याच प्रकारचं ऱ्हायनो दोन्हीवर चालतं. ब्लेंडर, क्रिटा, इंकस्केप ही सॉफ्टवेअर तर फुकटच आहेत, सुट्टीतच हात बसवायला सुरुवात करता येईल.

काल गोलाणी मार्केटात दोन-तीन दुकानं फिरलो. प्रत्येक ठिकाणी एकच विचारा: रॅम बोर्डावर पक्की आहे की स्लॉट मोकळा आहे? स्लॉट मोकळा असेल तर पुढे वाढवता येते. पक्की असेल तर आत्ताच १६ घ्या, ८ वर राजी होऊ नका. ५१२ जीबीची एसएसडी (आतली साठवण) पुरे, फायली साठवायला बाहेरची हार्ड डिस्क नंतर घेता येईल.

कंपन्यांतून निघालेले जुने बिझनेस लॅपटॉप इथे निम्म्या किमतीत मिळतात. बांधा मजबूत, कीबोर्ड उत्तम. पण त्यांचे पडदे बहुतेक ताई म्हणतात तसलेच निघतात. शिवाय प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा असेल तर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्येच संपला.

आपल्याकडचा मे तुम्हाला ठाऊक आहे, पारा ४५ ला टेकतो. सुट्टीत घरी आल्यावर लॅपटॉप गादीवर ठेवून रेंडर (थ्री-डी मॉडेलचं चित्र बनवायचं जड काम) लावायचं नाही, हे तिला बजावून सांगा. खालून हवा खेळली पाहिजे. आणि वीज जाऊन येते तेव्हा झटका बसतो, म्हणून सर्ज प्रोटेक्टरचा बोर्ड लॅपटॉपसोबतच घ्या.

भाऊ, एरवी टोरांटो, सध्या जळगाव

——

ताई, भाऊ, दोघांचे मनापासून आभार.

सेलचा नाद सोडला. भाचीने सीनियरला फोन केला. पहिलं वर्ष बरंचसं कागद-पेन्सिल आणि मातीकामाचं आहे, सॉलिडवर्क्स दुसऱ्या वर्षी. म्हणजे विंडोजच. दाजी म्हणाले, "जठे दुरुस्ती व्हई, तठेच लेवानं." म्हणजे जिथे दुरुस्ती होईल, तिथेच घ्यायचा. रविवारी दोघं जळगावला येतायत. भाऊ, तुम्ही सोबत जाल का? भाची पेन ड्राइव्हमध्ये आमच्या बागेतल्या घडांचे फोटो आणतेय. केळीचा हिरवा रंग ती जन्मापासून बघतेय, ज्या पडद्यावर तो खरा दिसेल तोच घेणार म्हणते. सर्ज प्रोटेक्टर आणि हार्ड डिस्क माझ्याकडून.

आप्पा