‘ग्रीन बुक’ आणि बडोदं

अमेरिकेतल्या वर्णभेदावरचा ‘ग्रीन बुक’ हा सिनेमा पाहून “हे सगळं तिकडचं” म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्या बडोद्याला यावं, कमाटीबागेतली संकल्पभूमी दाखवतो. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियात शिकलेले आंबेडकर १९१७ मध्ये इथे नोकरीला आले, तर राहायला जागा मिळेना. पारशी सराईत नाव बदलून राहिले; तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्यांनी हुसकावलं, तेव्हा याच बागेत बसून त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध लढण्याचा संकल्प केला, म्हणून ती संकल्पभूमी. (जात आणि वंश एक नव्हेत, मान्य. पण दारातून परत पाठवण्याची रीत तीच.) अमेरिकेत काळ्या प्रवाशांना कुठे उतरता येईल हे सांगणारी व्हिक्टर ग्रीनची पुस्तिका, जिचं नाव सिनेमाला दिलंय, ती निघाली त्यानंतर, १९३६ मध्ये.

सिनेमा मला अर्धाच पटला. काळा पियानोवादक डॉन शर्ली राहतो बाजूला आणि आपण गोऱ्या ड्रायव्हरचं मनपरिवर्तन बघत बसतो! शर्लीच्या नातेवाइकांनीही आक्षेप घेतलेच होते. आपल्या पडद्यावरचा आफ्रिकी माणूस तर बहुधा खलनायकाचा अंगरक्षक, त्याला संवादसुद्धा नसतात.