लॉबीच्या क्लेमचे उरलेले पैसे

सावंत (बी-३०२): सेक्रेटरी साहेब, लॉबी अजून काळीकुट्ट आहे. पाहुणे विचारतात, इथे होळी पेटवता का. मीटर रूमला आग लागली १७ फेब्रुवारीला, आज १२ डिसेंबर. विम्याचा क्लेम पास झाला म्हणून पेढे वाटलेत ना?

सेक्रेटरी: पेढे मुलीच्या निकालाचे होते. क्लेमचे ५ लाख ८५ हजार जमा आहेत.

सावंत: काम ९ लाखांचं. उरलेले ३ लाख १५ हजार कुणाच्या घशात गेले?

खजिनदार (ए-१०४): काका, जरा जपून बोला. वायरिंग, पॅनल जुनं म्हणून विमा कंपनीच्या सर्व्हेअरने ३५ टक्के घसारा कापलाय. नव्याच्या भावाने भरपाईचं कलम आपल्या पॉलिसीत आहे, पण फरक मिळतो काम करून बिलं दिल्यावर. आधी काम, मग पैसे.

जोशी आजोबा: सुप्रभात 🌹 घसारा गुडघ्यांचाही काढतात का? माझे ७८ वर्षांचे आहेत.

पाटील (ए-४०१): मी एजीएमला, वार्षिक सभेला, लेखी दिलं होतं. विमा साडेसात कोटींचा. ८० लाखांचे ३२ फ्लॅट, म्हणजे २५ कोटींच्या वर! विमाच कमी, म्हणून पैसे कमी आले.

खजिनदार: त्या ८० लाखांत जमिनीची किंमत आहे. जमीन जळत नाही, तिचा विमा नसतो. २८,८०० चौरस फूट बांधकाम, २,५०० रुपये दराने ७ कोटी २० लाख. विमा पुरेसा आहे.

पाटील: लेखी दिलं होतं.

शिंदे वहिनी (ए-००१): आमचा सोफा आणि चपलांचं कपाट जळलं, त्याचं काय?

खजिनदार: वहिनी, सोसायटीच्या पॉलिसीत घरातलं सामान येत नाही. त्यासाठी स्वतःची घरविम्याची पॉलिसी, भारत गृह रक्षा, घ्यावी लागते. घराचा विमा काढला की त्याच्या २० टक्के रक्कम सामानासाठी आपोआप धरतात, १० लाखांपर्यंत.

शिंदे वहिनी: हे आगीनंतर कळून काय उपयोग.

सावंत: मग काम का थांबलंय??

सेक्रेटरी: कारण आपल्यापैकीच काहींना भिंतीला ग्रॅनाइट हवं आहे. पूर्वी साधा रंग होता. ग्रॅनाइटचा जादा खर्च विमा कंपनी देणार नाही.

देशमुख (बी-४०३): ‘काहींना’ म्हणजे मलाच. नाव घ्या की. तुमच्या बाल्कनीच्या ग्रिलबद्दल मी कधी बोललो का?

सेक्रेटरी: ग्रिलला परवानगी आहे.

देशमुख: कुणाची? तुमचीच.

खजिनदार: कृपया. कलमाप्रमाणे काम १२ महिन्यांत पूर्ण हवं, म्हणजे १७ फेब्रुवारी. कंपनीने लेखी मुदत वाढवून दिली नाही आणि उशीर झाला, तर ३ लाख १५ हजार सोडायचे. कॉन्ट्रॅक्टर ४५ दिवस मागतोय, रक्कम टप्प्याटप्प्याने. प्रत्येक फ्लॅटने तात्पुरते १०,००० द्यावेत, फरक आला की परत.

सावंत: परत? २०१९च्या टाकीचे अजून येतायत.

पाटील: पुन्हा पाठवतो. २५ कोटींचा विमा हवा होता.

जोशी आजोबा: सिंकिंग फंडातून द्या ना, मोठ्या दुरुस्तीसाठी राखून ठेवलाय तो.

खजिनदार: आजोबा, त्याला सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो.

सेक्रेटरी: मग रविवारी सकाळी १० वाजता विशेष सभेची नोटीस काढतो.

सावंत: लगेच? नोटिशीचे दिवस मोजा आधी. नंतर ठराव रद्द झाला तर मला बोलू नका.

खजिनदार: काका बरोबर आहेत.

सावंत: हे वाक्य मी सेव्ह केलंय.

देशमुख: पांढरी गाडी कुणाची? टँकर गेटवर अडलाय.

पाटील: लेखी दिलं होतं.

देशमुख: गाडीबद्दल?