मदत हवी आहे: ताणावर सोडलेल्या डाळिंब बागेतलं पाणी सॅटेलाइटवरून कसं बघायचं?

नमस्कार मंडळी, सांगोल्याकडं आमची अडीच एकर डाळिंबाची बाग आहे, भगवा, आंबे बहार धरतो. आत्ता बाग ताणावर सोडलीय, म्हणजे कळी एकदम निघावी म्हणून पाणी तोडलंय, ड्रिप बंद. रान एकसारखं नाही, वरच्या अंगाला मुरमाड आणि खालच्या अंगाला काळी, त्यामुळं वरची झाडं लगेच ताण घेतात, पानं पिवळी पडून गळायला लागतात आणि खालची अजून हिरवीगार उभी असतात. मग सगळ्या बागेला एकाच दिवशी इथ्रेल (पानगळीचं औषध) मारून पाणी सोडलं की खाली कळी नीट निघत नाही आणि वरच्या झाडांना तोवर ताण जास्त झालेला असतो.

म्हणून कॉपरनिकस ब्राउझर या वेबसाइटवर सेंटिनेल-२ सॅटेलाइटची इमेज उघडून एनडीएमआय (झाडातल्या पाण्याचा अंदाज देणारा आकडा) लावून बघतोय. पानातलं पाणी १६१० नॅनोमीटरच्या आसपासचा शॉर्टवेव्ह इन्फ्रारेड प्रकाश शोषतं आणि ८६५ वाल्या निअर इन्फ्रारेडवर पाण्याचा फारसा फरक पडत नाही, म्हणून बी-८ए (८६५ चा बँड) वजा बी-११ (१६१० चा बँड), त्याला भागिले दोन्हींची बेरीज, इथपर्यंत कळलं. पण वरच्या अंगाला आकडा घसरलाय तो पानातलं पाणी कमी झालं म्हणून, का पानंच गळाली म्हणून, का खालचा मुरूम दिसतोय म्हणून, हे कसं ओळखायचं? आणि गुगलच्या अर्थ इंजिनवर एनडीएमआयचा २०२१ चा आलेख आत्ताच्या शेजारी ठेवला तर पुढची सगळी वर्षं शून्याकडं सरकलेली दिसतात, ते का? कुणी फळबागेवर हे केलं असेल तर प्लीज सांगा, पहिलं पाणी कधी द्यायचं ते यावर ठरवायचंय.

उत्तर १
दादा, बी-११ चा पिक्सेल २० मीटरचा, म्हणजे ४०० चौरस मीटर, जवळपास ४ गुंठे. एकराला १० पिक्सेल धरा, त्यातले बांधावरचे सोडून द्या कारण शेजारी ऊस असला तर त्याचं पाणी तुमच्या आकड्यात मिसळतं. १४ बाय १० फुटांवरच्या बागेत ओळींमध्ये उघडी जमीन दिसतेच, त्यामुळं हा आकडा एका पानाचा नसतो, किती पानं आहेत आणि प्रत्येकात किती पाणी आहे ते दोन्ही त्यात येतं, शिवाय जमीनही. एनडीव्हीआय (झाडाच्या हिरवेपणाचा आकडा) शेजारी ठेवून बघा. तो टिकून असताना एनडीएमआय उतरत असेल तर पानातलं पाणी कमी होतंय असं धरायला जागा आहे, दोन्ही एकदम उतरले तर पानगळ. अवकाळी पाऊस झाला तर मात्र पुढच्या इमेजवर भरवसा ठेवू नका, ओली जमीनसुद्धा बी-११ शोषते आणि आकडा उगाच वर जातो.

खात्री पानं तोडूनच होते. सॅटेलाइट सकाळी अकराच्या सुमारास जातो, त्याच दिवशी त्याच वेळी वरची आणि खालची पानं तोडून बंद पिशवीत घाला, लगेच वजन करा, मग ७० अंशाला वजन स्थिर होईपर्यंत वाळवून परत करा. फरक म्हणजे पाणी.

उत्तर २
आलेखाचं कारण सोपं आहे. २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या नव्या प्रोसेसिंगमध्ये प्रत्येक बँडच्या आकड्यात १००० मिळवलेले असतात. आधी बी-८ए आणि बी-११ चे आकडे ३००० आणि २००० असतील तर इंडेक्स ०.२ येतो, तेच ४००० आणि ३००० झाले की ०.१४. अर्थ इंजिनवर नावात ‘हार्मोनाइज्ड’ असलेलं कलेक्शन घ्या, त्यात हे काढून टाकलेलं असतं. आणि वरच्या अंगाला व्हॉल्व्ह वेगळा आहे का? नसेल तर नकाशा कितीही चांगला निघाला तरी पाणी एकदमच सुटणार.

धागाकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. सबमेन (ड्रिपच्या नळ्यांना पाणी देणारा पाइप) मधोमध आहे, व्हॉल्व्ह वेगळा करून घेतो. ओव्हनची सोय नाही पण, पानं उन्हात वाळवली तर चालेल का?

उत्तर १
उन्हात पूर्ण वाळत नाहीत, थोडा ओलावा राहतोच. जवळच्या कृषी महाविद्यालयात विचारून बघा, माती परीक्षणाच्या लॅबमध्ये ओव्हन असतो. पिशव्यांवर वरची-खालची आणि तारीख तेवढी नीट लिहा.