मदत हवी आहे: मोंझाच्या पहिल्या शिकेनला टक्कर, चूक कुणाची?

शेवटची_लॅप | दुपारी १:५२
ऑनलाइन कार रेसिंग गेमच्या लीगमध्ये टक्कर झाली. आज रात्री नऊच्या आत लीगच्या स्टुअर्डना (पंचांना) माझी बाजू लेखी द्यायची आहे, त्यामुळे जरा लवकर सांगा.
मोंझा (इटलीतला ट्रॅक), पहिला शिकेन (लागोपाठ उलटसुलट वळणं), अकरावी लॅप. मी आतून घुसलो, समोरचा सरळ माझ्या अंगावर वळला. माझं डावं पुढचं चाक त्याच्या दाराला लागलं, तो गरगर फिरला आणि चौथ्यावरून सतराव्यावर गेला. मुद्दाम काही केलेलं नाही, तरी तक्रार माझ्यावर! एपेक्सला (वळणाच्या आतल्या टोकाला) मी त्याच्या शेजारी होतो म्हणजे जागा सोडणं त्याचं काम. बरोबर ना? हा नियम कुठे छापलेला असेल तर तेवढा द्या, चिकटवून टाकतो.

पिटलेनवाला | २:०५
कशाला एवढं मनावर घेता. दोघांनाही ४एक्स, म्हणजे चार दंडपॉइंट, पडला असणार. आयरेसिंग गेमची सिस्टीम चूक कुणाची ते बघतच नाही, जोरात आदळलात की दोघांच्या खात्यावर सारखेच पॉइंट. पुढच्या काही शर्यती सांभाळून चालवा, सेफ्टी रेटिंग येईल वर.

शेवटची_लॅप | २:०९
आयरेसिंग कुठे म्हटलं मी? एसीसी (आसेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने) गेम आहे, जीटी३ गाड्या. पॉइंटांचा प्रश्नच नाही, स्टुअर्ड बसणार आहेत.

काळी_मांजर | २:२०
कुठेच म्हटलं नव्हतंत, म्हणून तर घोळ. आता एपेक्स बाजूला ठेवा. ब्रेकवर पाय पडला त्या क्षणी तुमचं नाक त्याच्या गाडीच्या कुठल्या भागाशी होतं? तिथे सगळे डावीकडून येतात आणि उजवीकडे वळतात. तो वळायला लागला तेव्हा तुम्ही त्याला दिसत होतात, की वळल्यावर उगवलात? रिप्ले त्याच्या गाडीतून पाहिलात का?

शेवटची_लॅप | २:२४
शेजारीच होतो म्हणालो ना. रिप्ले पाहिलाय, माझ्या कॉकपिटमधून. स्पष्ट दिसतंय.

खडूस_मास्तर | २:४१
स्वतःच्या कॉकपिटमधून सगळेच निर्दोष दिसतात.
छापील हवंय ना? एफआयएने (मोटर रेसिंगची जागतिक संघटना) फॉर्म्युला वनसाठीची ड्रायव्हिंगची मार्गदर्शक तत्त्वं २०२५ मध्ये जाहीर केली. आतून ओव्हरटेक करणाऱ्याचा पुढचा ॲक्सल (पुढच्या चाकांची रेषा) एपेक्सच्या आधी आणि एपेक्सला, दोन्ही वेळी, निदान समोरच्याच्या आरशाच्या रेषेत हवा. शिवाय गाडी ताब्यात हवी, ऐनवेळी घेतलेली उडी नको, आणि ट्रॅकच्या आत राहून वळण पुरं व्हायला हवं. आता तुमचंच वाक्य वाचा: चाक दाराला लागलं. जीटी३ गाडीचा आरसा दाराच्या पुढच्या टोकाला असतो. म्हणजे तुम्ही आरशाच्या मागे. हे चिकटवाल तर आपल्याच हाताने पायावर धोंडा.

टर्बो_तात्या | २:५५
मास्तर, ते एफ वनचं. लीगवाले आपापले नियम लावतात. काही ठिकाणी नाक मागच्या चाकाच्या पुढे आलं की गाडीभर जागा द्यावीच लागते. आणि मी म्हणतो, गॅप दिसली की घुसायचं. एफ वनच्या आयर्टन सेनाने कुणाला विचारलं होतं?

खडूस_मास्तर | ३:०१
तात्या, कुठला सेना? १९९० ची जपानमधली सुझुकाची शर्यत? पहिल्याच वळणावर प्रतिस्पर्धी प्रोस्टला घेऊन बाहेर गेला, आणि ते ठरवून केलं होतं हे पुढच्या वर्षी स्वतःच बोलला. हा दाखला स्टुअर्डसमोर ठेवा, बघा काय होतं.

टर्बो_तात्या | ३:०४
आणि तिथेच १९८९ ला शिकेनमध्ये प्रोस्ट सेनाच्या अंगावर वळला ते काय होतं? तेव्हा सगळे गप्प!

काळी_मांजर | ३:०६
हे दोघे आता रात्रीपर्यंत सुझुकात. धागाकर्ते, लीगच्या नियमपुस्तकात ओव्हरलॅपबद्दल (गाडी किती शेजारी आली की जागा द्यायची) काय लिहिलंय?

शेवटची_लॅप | ३:१५
नियमपुस्तक चाळीस पानांचं आहे.

बिनआवाजी | ३:३०
पिंग (इंटरनेटवर होणारा उशीर) किती होता ते कुणी विचारलंच नाही. मोंझाच्या सरळ पट्ट्यावर ताशी २७० किमीचा वेग धरा. म्हणजे सेकंदाला ७५ मीटर. नुसता १०० मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे साडेसात मीटर, गाडीच्या लांबीपेक्षा जास्त. मधली जागा सिम (गेम) अंदाजाने भरतं, आणि समोरच्याने जोरात ब्रेक मारला की हा अंदाज चुकतो. तुमचा रिप्ले म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरने पाहिलेली शर्यत, त्याची वेगळी. ठोकर झालीच नसेल, नेटकोड असेल, म्हणजे इंटरनेटमुळे गाडी चुकीच्या जागी दिसली असेल.

शेवटची_लॅप | ३:३४
हे भारी आहे! हेच लिहितो.

काळी_मांजर | ३:४०
लिहू नका. आधी सांगा, पिंग किती?

शेवटची_लॅप | ३:४८
४२.

काळी_मांजर | ३:५०
४२ च्या पिंगवर अख्खं चाक दारात जात नाही हो.

गरमटायर | ४:१०
मलाही आधी असंच व्हायचं. लोडसेलचे पेडल घेतले आणि प्रश्न सुटला. पेडल किती आत गेलं यापेक्षा किती जोर लावला ते मोजतात, त्यामुळे ब्रेक रोज एकसारखा लागतो. शिवाय एफओव्ही (स्क्रीनवरच्या दृश्याचा कोन) तपासा. चुकीचा असेल तर अंतराचा अंदाजच येत नाही.

शेवटची_लॅप | ४:१२
दादा, पाच तासांत पेडल कुठून आणू?

चिमणी_रेसर | ४:३५
मी एका छोट्या लीगमध्ये स्टुअर्डचं काम करते. आम्ही पहिली तीन मिनिटं टक्कर बघतच नाही. तुमच्या आधीच्या लॅप बघतो. त्याच शिकेनला दहाव्या लॅपला ब्रेक कुठे मारलात? आणि अकराव्याला? दोन्ही रिप्ले त्याच्या गाडीवर कॅमेरा लावून, ब्रेकच्या पाटीपाशी (वळण किती मीटरवर ते सांगणारी) थांबवून बघा. मगच इथे या.

शेवटची_लॅप | ५:२०
बघितलं.
दहाव्याला दीडशेच्या पाटीनंतर लगेच. अकराव्याला शंभरची पाटी जवळजवळ आलीच होती. मी ब्रेक मारला तेव्हा माझं नाक त्याच्या मागच्या बंपरच्याही थोडं मागे. त्याच्या कॉकपिटमधून मी दिसतच नाही, आणि वळल्यावर एकदम उजव्या आरशात माझे लाइट.
पण तो सरळावर एकदा उजवीकडे सरकून परत डावीकडे गेला होता! हे लिहायचं राहिलं होतं. म्हणजे दोनदा लाइन बदलली ना?

चिमणी_रेसर | ५:३१
राहिलं होतं की आत्ता सापडलं? :)
एफआयएच्या नियमांप्रमाणे बचावासाठी एकदा सरकता येतं, आणि परत रेसिंग लाइनवर (सगळे धरतात त्या वाटेवर) येताना कडेला निदान एका गाडीची जागा ठेवावी लागते. ब्रेक मारण्याआधी परतला का? तुम्ही डावीकडे होतात का?

शेवटची_लॅप | ५:३६
आधीच परतला. मी उजवीकडे.

चिमणी_रेसर | ५:४४
मग त्यात काही नाही. उलट तो डावीकडे गेला म्हणून तुम्हाला आत जागा दिसली, आणि तेव्हा तुम्ही त्याच्या स्लिपस्ट्रीममधून नुकतेच बाहेर पडला होता. पुढच्या गाडीच्या आडोशाला हवेचा विरोध कमी, म्हणून वेग जास्त. अशा वेळी ब्रेक उलट आधी मारायचा, तुम्ही उशिरा मारलात. टक्कर दारापाशी झाली, चूक पाटीपाशी.
आणखी एक. तो फिरल्यावर तुम्ही थांबलात का?

शेवटची_लॅप | ५:४६
थांबायचं असतं?

खडूस_मास्तर | ५:५०
देवा.

चिमणी_रेसर | ५:५८
सुरक्षित जागी वेग कमी करून त्याला पुढे जाऊ द्यायचं. आमच्याकडे जागा परत दिली की दंड निम्मा होतो. तुमच्या चाळीस पानांत असं काही असेलच, वाचा.
बाजू चार ओळींत लिहा. लॅप, रिप्लेची वेळ, ब्रेक नेहमीपेक्षा उशिरा लागला, आणि झालं. "तो माझ्या अंगावर वळला" हे काढून टाका, तो नेहमीच्याच ठिकाणी वळलाय. नेटकोड, सेना, आरसे, काही नको.

टर्बो_तात्या | ६:०५
सेनाचा नुसता उल्लेख करायला काय हरकत आहे?

शेवटची_लॅप | ८:४७
पाठवलं. सहा ओळी झाल्या. शेवटी तो सरळावर सरकला होता तेही टाकलंय, राहवलं नाही.

शेवटची_लॅप | दुसऱ्या दिवशी, सकाळी ९:१२
निकाल आला. मला दहा सेकंद, पाचव्यावरून नवव्यावर. जागा परत दिली असती तर पाच सेकंद, पान एकतीसवर आहे. त्याच्या सरकण्याबद्दल "कारवाई नाही" एवढंच. त्याला मेसेज केला, त्याने अंगठा पाठवला. चिमणीताई, आभार.

गरमटायर | ९:४०
पेडल घेतले का?

नवा_खेळाडू७ | ११:२५
धागा आत्ता पाहिला. एपेक्सला शेजारी होतात ना, मग कॉर्नर तुमचा. बिनधास्त तसंच लिहून द्या.